खाँसाहेब कोण करणार? ‘कट्यार काळजात घुसली’च्या पात्रनिवडीचं प्रकरण

संगीत नाटकाचा चित्रपट निघणार अशी बातमी आली की मुख्य भूमिकेसाठी नावं सुचवायला सगळं गाव पुढे येतं. निर्मात्याच्या टेबलावर मात्र प्रश्न वेगळाच असतो. चेहरा, बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा गळा अशा तीन गोष्टी एकाच माणसात मिळवायच्या, की दोघांत वाटून घ्यायच्या? वाटल्या तर सांधा दिसणार नाही कशावरून? आणि न वाटता गायकालाच उभं केलं, तर तो कॅमेऱ्यासमोर टिकेल कशावरून?

सुबोध भावे दिग्दर्शित ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ च्या दिवाळीत प्रदर्शित झाला. पात्रनिवडीच्या अभ्यासाला यापेक्षा सोयीचं प्रकरण मराठीत नाही, कारण एकाच चित्रपटात तीन गायक पात्रं आहेत आणि त्यांच्यासाठी दोन वेगळी उत्तरं वापरली आहेत. खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर आणि गायले राहुल देशपांडे. सदाशिव झाले स्वतः सुबोध भावे आणि गायले महेश काळे. पंडितजी मात्र शंकर महादेवन. अभिनयही त्यांचा, गाणंही त्यांचंच. दोन्ही उपाय समोरासमोर ठेवून तपासायची संधी एरवी मिळत नाही.

नाटकात ही भूमिका कशी उभी होती

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक ‘नाट्यसंपदा’ने १९६७ मध्ये रंगमंचावर आणलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले ही भूमिका वसंतराव देशपांड्यांची. कथा थोडक्यात अशी: विश्रामपूरच्या राजगायकाच्या पदासोबत हवेली मिळते आणि एक कट्यारही, जिने केलेला एक खून माफ असतो. ते पद पंडित भानुशंकरांकडून खाँसाहेबांकडे जातं. पंडितजींकडे शिकायच्या ओढीने आलेला सदाशिव मग त्याच हवेलीत नोकर होऊन खाँसाहेबांची गायकी चोरून उचलतो.

पात्रनिवडीच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट म्हणजे भांडण दोन गायकींचं आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत येतं. शब्द तेच, स्वभाव दोन. कोणाची गायकी कोणती हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगत नाही, ते गळ्यातून कळावं लागतं. ‘तेजोनिधी लोहगोल’, ‘सुरत पिया की’, ‘लागी करेजवा कटार’ ही पदं वसंतरावांच्या आवाजात लोकांच्या कानात इतकी घट्ट बसली आहेत की खाँसाहेब म्हणजे तोच गळा. आक्रमक, तिरपा, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) झडप घालणारा. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे पाया घालून पुढे निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून उचललेलं त्यांचं गाणं मुळातच कुणा एका चौकटीत मावणारं नव्हतं. खाँसाहेबांच्या अहंकाराला तेच लागतं.

रंगभूमीवर हे सगळं एकट्याने निभावता येतं, कारण प्रेक्षक लांब बसलेला असतो. गायक-नटाने डोळे मिटून चार मिनिटं आलाप केला तरी चालतं. प्रेक्षक कानांनी पाहत असतो. वय दाढी आणि शेरवानीत झाकलं जातं. अभिनयाचा एखादा कमजोर क्षण पुढच्या तानेत (स्वरांच्या वेगवान लडीत) वाहून जातो, वर ‘वन्स मोअर’ येतो. पडद्यावर हाच चेहरा दहा-पंधरा फूट उंच होतो. चाळीस सेकंदांचा आलाप म्हणजे चाळीस सेकंदांचा क्लोजअप, आणि तेवढ्या वेळात पात्राच्या मनात काय चाललंय हे डोळ्यांत दिसावं लागतं.

गळे आधी ठरले

२०१० मध्ये हे नाटक नव्या संचात आलं होतं. दिग्दर्शन सुबोध भाव्यांचं, खाँसाहेब राहुल देशपांडे, सदाशिव महेश काळे. राहुल हे वसंतरावांचे नातू, महेश हे अभिषेकीबुवांचे शिष्य. म्हणजे चित्रपट हाती घेताना दिग्दर्शकाकडे दोन गळे तयार होते, आणि तेही प्रयोगाच्या तव्यावर भाजून निघालेले. ते प्रेक्षकांनी स्वीकारले होते, एकमेकांना कुठे सोडायचं आणि कुठे अडवायचं हे त्या दोघांना ठाऊक होतं. संगीत नाटकावरच्या चित्रपटात हा क्रम उलटा झाला की खड्ड्यात जायला होतं. नट आधी करारबद्ध होतो, मग त्याच्या चेहऱ्याला ‘शोभेल’ असा गळा शोधला जातो, तो गळा पदांना पुरत नाही, मग पदं सोपी केली जातात. खाँसाहेबांची पदं सोपी केली तर खाँसाहेब उरतच नाहीत.

मग राहुल देशपांड्यांनाच पडद्यावर का आणलं नाही? उघड दिसणारं एक कारण वय. २०१५ मध्ये ते ३६ वर्षांचे होते. खाँसाहेबांना लग्नाच्या वयाची मुलगी आहे, अनेक वर्षांच्या पराभवाने ते आतून कुरतडले गेलेले आहेत. रंगमंचावर मेकअपने वीस वर्षं वाढवता येतात. क्लोजअपमध्ये मानेची त्वचा, हाताच्या शिरा आणि पापण्यांची हालचाल खरं वय सांगून टाकतात. दुसरं कारण चित्रपटाच्या रचनेत आहे. नाटकात जे सांगून भागवलं जातं ते चित्रपट दाखवतो. खाँसाहेबांचं विश्रामपूरला येणं, दरवर्षी दरबारात हरणं, पत्नी नबिलाचं कारस्थान, विजयानंतरचा पोकळपणा. गाण्याबाहेरचा अभिनय कितीतरी वाढला. पात्र गाताना जेवढा वेळ दिसतं त्याहून जास्त वेळ न गाता दिसतं, आणि ते प्रमाण जिकडे झुकेल तिकडे निवड झुकते.

हे प्रमाण अंदाजाने ठरवू नये. पटकथा हातात आली की त्या भूमिकेच्या प्रत्येक मिनिटाची चार खात्यांत फोड करायची: नुसता संवाद, नुसती प्रतिक्रिया, फ्रेममध्ये गाणं, फ्रेमबाहेर चालणारं गाणं. फ्रेममधल्या गाण्याची पुन्हा फोड: शब्द, आलाप, सरगम, तान. दहा मिनिटांच्या गाण्यात क्लोजअपमधली तान जेमतेम पन्नास सेकंद निघते असं बरेचदा आढळतं. तेवढ्या पन्नास सेकंदांसाठी दोन तासांचा अभिनय अननुभवी माणसाकडे सोपवायचा का, असा प्रश्न मग कागदावरच मांडता येतो.

सचिन पिळगांवकर: धोका आणि जमेची बाजू

या निवडीने तेव्हा भुवया उंचावल्या. बालकलाकार म्हणून ‘हा माझा मार्ग एकला’ पासूनची कारकीर्द, हिंदीत ‘गीत गाता चल’, ‘नदिया के पार’, मराठीत ‘अशी ही बनवाबनवी’सारखे विनोदी चित्रपट, प्रेक्षकाच्या मनातले सचिन म्हणजे खेळकर, गोड, चिरतरुण. खाँसाहेब नेमके याच्या उलटे. पण प्रतिमा विरोधी असणं म्हणजे निवड चुकीची असं नाही. प्रेक्षकाने पहिल्या दहा मिनिटांत जुना चेहरा विसरला की उलट फायदाच होतो, कारण हा माणूस आता काय करेल याचा अंदाज त्याला येत नाही. अट एकच की पहिला प्रवेश जुन्या लकबींना थारा देणारा नको. सचिन यांनी इथे हसणं आणि हात दोन्ही आवरलेले दिसतात.

जमेच्या बाजू तीन. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, त्यामुळे वय अंगावर चढवावं लागलं नाही. दुसरी बाजू उर्दूची. लहानपणी मीनाकुमारींकडे उर्दूचे धडे घेतल्याचं त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे, आणि खाँसाहेबांच्या मराठीत मिसळलेल्या उर्दूला त्याचा उपयोग दिसतो. ‘खुदा’मधला घशातला ख आणि ‘गुरूर’मधला ग नटाला जमत नसेल तर डबिंगमध्येही तो दुरुस्त होत नाही, कारण ओठ आणि गळ्याची हालचालच वेगळी पडते. तिसरी बाजू सर्वांत मोलाची: ते स्वतः गातात. ज्याला स्वतःला सुरात राहता येतं त्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचं गाणं बसवणं निम्मं सोपं होतं. श्वास कुठे घ्यायचा, सम कुठे येणार, पंचमावरून तार षड्जाकडे जाताना शरीर काय करतं, हे त्याला शिकवावं लागत नाही. राहुल यांच्या आवाजातली ‘दिल की तपिश’ पाहताना हे कळतं. ओठांपेक्षा छाती आणि खांदे गाण्याबरोबर चालतात.

पंडितजींचा उलटा डाव

पंडितजींसाठी शंकर महादेवन यांना घेताना हिशेब वेगळा होता. कॅमेऱ्यासमोर भूमिका करण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. पण पंडितजी हे मुळात कमी बोलणारं, सोसणारं, आत वळलेलं पात्र आहे. त्यांच्या मनात कपट नाही, त्यांना काही लपवायचं नाही, दोन पातळ्यांवर बोलायचं नाही. अशी भूमिका गायकाला पेलते. अननुभवी नट घसरतो तो प्रामुख्याने खोटं बोलण्याच्या प्रसंगांत, जिथे तोंड एक सांगतं आणि डोळे दुसरं. तसे प्रसंग पंडितजींच्या वाट्याला नाहीत. ‘सूर निरागस हो’ गाताना चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते नटाला आणावं लागलं असतं, गायकाकडे ते आयतं आहे. भाषेचीही अडचण नव्हती. मुंबईत वाढलेले, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले शंकर मराठी गाण्याला नवखे नव्हते. शिवाय शंकर-एहसान-लॉय या त्रयीने चित्रपटाची नवी गाणी केलेली, त्यामुळे पंडितजींचं नवं गाणं त्यांच्याच गळ्याच्या मापाने बेतता आलं.

जाणकाराच्या कानाला खटकणारी जागाही इथेच आहे. शंकर यांचं गाणं सुगम, कर्नाटक आणि हिंदुस्थानी अशा मिश्र वळणाचं, महेश काळ्यांचं थेट अभिषेकी वळणाचं. सदाशिव पंडितजींच्या गायकीचा वारस म्हणून उभा राहतो तेव्हा दोन गळ्यांत नातं ऐकू यायला हवं. ते फारसं येत नाही. कथेतच सदाशिव शिकायला पोचतो तोवर पंडितजी हवेली सोडून गेलेले असतात, म्हणून निभावून जातं. उलट खाँसाहेब आणि सदाशिव यांच्या गळ्यांतलं नातं, म्हणजे राहुल आणि महेश यांचं, पक्कं आहे, आणि चोरून शिकलेली गायकी सदाशिवच्या गळ्यातून बाहेर पडते ती पटते. तीन गायक पात्रं असतील तेव्हा गळे एकेकटे निवडू नयेत. तिघांच्या चाचणी फिती एकापाठोपाठ एक ऐकाव्यात आणि कोण कुणाचा शिष्य वाटतो हे कथा माहीत नसलेल्या एखाद्या संगीत शिक्षकाला विचारावं.

सदाशिवबाबत एवढंच: दिग्दर्शकाने स्वतः भूमिका घेणं एरवी जिकिरीचं, पण सुबोध भाव्यांनी २०११ च्या ‘बालगंधर्व’मध्ये आनंद भाट्यांच्या आवाजावर नाट्यपदं साकारली होती. ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायनप्रकाराच्या, अंगाची ओठजुळणी काय मागते हे त्यांना ठाऊक होतं.

ख्यालाची ओठजुळणी: खरी परीक्षा

भावगीताला ओठ जुळवणं आणि ख्यालाच्या अंगाने जाणाऱ्या नाट्यपदाला जुळवणं यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. भावगीतात शब्द असतात, व्यंजनं असतात. प, ब, म आले की ओठ मिटले पाहिजेत एवढं पाळलं की डोळा फसतो. आकारातल्या, म्हणजे नुसत्या ‘आ’वर घेतलेल्या, तानेत व्यंजनच नाही. तोंड उघडं, आणि आत काहीतरी चाललंय.

आकडे मांडून पाहा. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत आहे, म्हणजे सेकंदाला चार मात्रा. दुगुणीत, म्हणजे मात्रेला दोन स्वर अशी, तान घेतली तर सेकंदाला आठ स्वर. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे एका स्वराला तीन फ्रेम. प्रत्येक स्वराला जबडा हलवायचा प्रयत्न नवखा नट करतो आणि थंडीने दात वाजल्यासारखा दिसतो. तयार गायकाचा जबडा सपाट तानेत जवळपास स्थिर असतो. हालचाल दिसते ती कंठमण्यापाशी, आणि गमकेची (स्वरांना हेलकावे देत घेतलेली) तान असेल तर पोटाशी. म्हणून नटाला तानेतला स्वर न् स्वर घोकायला लावू नये. त्याला तीन जागा पक्क्या करायला सांगाव्यात: तान कुठे उचलली, कुठे वळली, कुठे सोडली. उचलण्याआधीचा श्वास आणि सोडल्यावर समेला आलेला हात बरोबर असला की मधलं प्रेक्षक स्वतः भरून घेतो.

चाचणीसाठी दीड मिनिटाची फीत पुरते. पहिली तीस सेकंदं आलाप, पुढची तीस मुखडा आणि शब्द, शेवटची तीस तान. ती नटाला आठवडाभर आधी द्यावी. चित्रीकरण क्लोजअपच्या लेन्सने, छातीपासून वर. मग ती तीन प्रकारे पाहावी. आधी आवाज बंद करून: सम कुठे आली हे नुसतं पाहून कळतं का? मग फ्रेमचा खालचा भाग झाकून, फक्त डोळे: गाणारा माणूस ऐकतोय असं वाटतं का? शेवटी आवाजासकट, पण गाण्याआधी नटाच्या स्वतःच्या आवाजातली एक ओळ जोडून. या तिसऱ्या पाहणीत बहुतेक जोड्या बाद होतात, कारण नट बोलतो वरच्या पट्टीत नाकातून आणि गायक गातो छातीतून.

त्यावर इलाज आहे, पण तो चित्रीकरणाआधी करावा लागतो. गायकाची पट्टी आधी नक्की करायची. समजा काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. मग ज्या ओळीनंतर गाणं सुरू होतं ती ओळ नटाने षड्जाच्या (त्या पट्टीतल्या ‘सा’च्या) आसपास किंवा त्याखाली बोलायची, वर चढवून नाही. बोलणं आणि गाणं यांच्या मधे एक सेकंदाचा तंबोरा मोकळा ठेवायचा, म्हणजे कान नव्या आवाजाला तयार होतो. आणि गाण्याच्या अधेमधे येणारे ‘वाह’, ‘क्या बात है’, खोकला, खाकरणं हे सगळं नटाच्याच आवाजात ठेवायचं. दोन आवाज शिवणारा धागा तोच.

सवालजवाबात आणखी पेच. दोन गायक पात्रं एकाच सामन्यात असतील तर पट्टी एकच लागते. तबला आणि तंबोरे भर दरबारात पट्टी बदलत नाहीत. एका गायकाची सोय काळी एक, दुसऱ्याची काळी दोन असेल तर कुणाला तरी अर्धा-एक स्वर तडजोड करावी लागते. तडजोड जिंकणाऱ्या पात्राने करू नये. त्याची तार सप्तकातली जागा मोकळी राहिली पाहिजे.

सेटवर काय बिघडतं

ध्वनिमुद्रण आधी होतं आणि स्टुडिओत गायक तुकड्या-तुकड्यांनी गातो. संपादनात श्वास कापले जातात. तोच स्वच्छ ट्रॅक सेटवर गेला की नटाला श्वास घ्यायची जागाच सापडत नाही. बावीस सेकंद न थांबता चाललेली तान ऐकायला अद्भुत आणि पाहायला खोटी वाटते. म्हणून श्वास ठेवलेला वेगळा ट्रॅक सेटसाठी काढून घ्यावा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायकाचा चेहरा आणि हात दोन कॅमेऱ्यांनी टिपून ठेवले तर नटासाठी त्याहून चांगली शिकवणी नाही.

दरबाराचा सेट मोठा असतो. नाग्राचा (सेटवर गाणं वाजवणाऱ्या यंत्राचा) स्पीकर नटापासून ५० फुटांवर, खांबाआड ठेवला तर आवाज पोचायला ४४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक फ्रेम उशीर तिथेच झाला. त्यात नटाचा स्वतःचा एक फ्रेमचा उशीर मिळवला की दोन फ्रेम, आणि दोन फ्रेमचा फरक डोळ्याला कळतो. स्पीकर नटाच्या पायाशी, फ्रेमच्या खाली. आवाज इतका मोठा हवा की नट त्यावर मोकळ्या गळ्याने गाऊ शकेल. नुसते ओठ हलवणाऱ्याच्या मानेच्या शिरा ताणत नाहीत, आणि ती फसवणूक शेवटच्या रांगेलाही कळते.

फ्रेमरेटचा घोळ तर नेहमीचा. ट्रॅक २४ चा आणि एखादा कॅमेरा २५ वर राहिला की वेगात चार टक्क्यांचा फरक पडतो. चार मिनिटांच्या पदात शेवटी ओठ जवळजवळ दहा सेकंद सरकलेले. तसाच आवाज जुळवायला गेलं तर पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी हलते. स्लो मोशनचा शॉट ४८ फ्रेमने घ्यायचा तर ट्रॅकही दुप्पट वेगाने लावावा लागतो, आणि दुप्पट वेगातला ख्याल ओठांवर आणणं अशक्यप्राय. असे शॉट आलापाच्या दीर्घ स्वरावरच घ्यावेत.

मग तंबोरा. पहिली तार मधल्या बोटाने, बाकीच्या तीन तर्जनीने. हे शिकायला एक दुपार लागते आणि तरीही पडद्यावर हमखास चुकतं. त्याहून मोठी चूक म्हणजे नट तंबोरा तबल्याच्या लयीत छेडतो. तंबोऱ्याचा तालाशी संबंध नाही. तो आपल्या संथ गतीने चालू राहतो. तबलजी तर फ्रेममध्ये खराच हवा. तबल्याचे हात खोटे करता येत नाहीत.

परदेशातला एक ताळा

हाच पेच ‘माय फेअर लेडी’च्या वेळी पडला होता. बर्नार्ड शॉच्या ज्या नाटकावरून पु. लं.नी ‘ती फुलराणी’ केलं, त्याच नाटकाची ही संगीतिका. १९५६ मध्ये ब्रॉडवेवर एलायझा ही नायिका गाजवली ज्युली अँड्र्यूजने. वॉर्नर ब्रदर्सने चित्रपटाचे हक्क ५५ लाख डॉलरला घेतले आणि एवढ्या पैशाला पडद्यावरचं मोठं नाव हवं म्हणून ऑड्री हेपबर्नला निवडलं. तिने गाणी शिकली, ध्वनिमुद्रितही केली. पण १९६४ मध्ये चित्रपट आला तेव्हा बहुतेक गाणी मार्नी निक्सन या पार्श्वगायिकेच्या आवाजात होती. इथे नट आधी आणि गळा नंतर हा उलटा क्रम स्पष्ट दिसतो. हेपबर्नला ऑस्करचं नामांकन मिळालं नाही आणि त्याच वर्षीचं पारितोषिक ज्युली अँड्र्यूजने दुसऱ्याच चित्रपटासाठी नेलं. याच चित्रपटात रेक्स हॅरिसन मात्र नाटकातलाच नायक हिगिन्स घेऊन आला. त्याचं गाणं अर्धं बोलणंच होतं आणि दर वेळी वेगळं पडायचं, म्हणून तो आधीच्या मुद्रणावर ओठ हलवायला तयार नव्हता. त्याची गाणी टायमध्ये लपवलेल्या बिनतारी मायक्रोफोनवर सेटवरच मुद्रित केली. ऑस्कर त्याला मिळालं. सेटवरचं थेट गाणं ख्यालाला मात्र लागू करू नये. दर टेकला आलापाची लांबी बदलते आणि दोन टेक कापून जोडता येत नाहीत.

करारात काय असावं

अभिनय एकाचा आणि गाणं दुसऱ्याचं असेल तर श्रेयनामावली चित्रीकरणाआधी ठरवावी. गायकाचं नाव गाण्यांच्या यादीत दडपायचं की पात्राच्या नावासमोर नटाबरोबर लिहायचं, हा वाद प्रदर्शनाच्या आठवड्यात निघाला की कटुताच हाती येते. मार्नी निक्सनचं नाव त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नव्हतं. ‘कट्यार’मध्ये आवाज कुणाचे हे पहिल्यापासून जाहीर होतं, आणि ‘अरुणि किरणी’साठी महेश काळ्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘बालगंधर्व’साठी तो आनंद भाट्यांना मिळाला होता. प्रसिद्धीच्या कार्यक्रमांत मंचावर कोण गाणार, डबिंगनंतर एखादी जागा पुन्हा गायची वेळ आली तर गायकाच्या किती तारखा राखीव, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती निघाली तर तोच गळा वापरायचा का, हेही त्याच कागदावर.

राहुल देशपांडे पुढे पडद्यावर मुख्य भूमिकेत आलेच. २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या, निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’मध्ये त्यांनी आजोबांची भूमिका केली आणि गाणंही स्वतःच गायलं. तिथे पात्राच्या बऱ्याचशा आयुष्याचं वय नटाच्या वयाशी जुळत होतं, चेहऱ्यात घराण्याची ठेवण होती, आणि गळ्याबद्दल कुणाला शंका नव्हती. तिन्ही गोष्टी एका माणसात सापडल्या, म्हणून वाटणी करावी लागली नाही. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच चित्रपटासाठी मिळाला, जिथे ते कुणाच्या मागे उभे नव्हतेच.